सबनीसांचा शिक्का

सबनीसांच्या हातात आलेला कोणताही कागद शिक्क्याशिवाय पुढे जात नसे. १९९३ साली गणपतीच्या वर्गणीची पावती द्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पावती उजेडात धरून वाचली, जेवणाच्या टेबलाच्या खणातून रबरी शिक्का काढला आणि उजव्या कोपऱ्यात 'रिसीव्हड' हा शब्द व त्या दिवसाची तारीख उमटवली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "कागद कधी आला हे सांगता येत नसेल, तर तो आला नाही असं धरायचं. आमच्या साइटवर तसंच चालतं."

आतून वहिनी म्हणाल्या, "लग्नपत्रिकांवरही मारतात, भावजी. माझ्या भावाच्या पत्रिकेवरचा गणपती निळा केला."

अनंत सबनीस दुबईच्या खाडीपलीकडे, देरा भागातल्या एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. साइटवर येणारा प्रत्येक नकाशा आणि प्रत्येक पत्र त्यांच्या टेबलावरून जायचं. त्यावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, नोंद करायची, जुना नकाशा रद्द करून नवा वाटायचा, हे त्यांचं काम. चुकीच्या नकाशावरून भिंत उभी राहिली तर पहिला जाब त्यांना. अशी भिंत कधी उभी राहिली नाही, असं ते सांगत आणि कंपनीतले लोकही सांगत. बर दुबईत देवळाच्या गल्लीमागच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहत, मी दुसऱ्या. सकाळी साडेसहाला ते अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडायचे. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो, माझी ड्युटी संध्याकाळी सुरू व्हायची. त्यामुळे भेट शुक्रवारी, सुटीच्या दिवशी. मला ते 'पेपरवाले' म्हणत.

त्यांच्या घरातल्या प्रत्येक कपाटावर छताला टेकलेले खोके होते. टीव्हीचा, मिक्सरचा, व्हीसीआरचा, इस्त्रीचा, सगळे आतल्या थर्मोकोलसकट. आखातातल्या बहुतेक भारतीय घरांत असे खोके असत, पण सबनीसांच्या खोक्यांवर खरेदीची तारीख होती. "आपण इथे टेम्पररी," ते म्हणत. "व्हिसा तीन वर्षांचा. खलास झाला की सामान भरायचं आणि निघायचं. तेव्हा खोका कुठे शोधणार?" १९८४ पासून त्यांचा व्हिसा दर तीन वर्षांनी नवा होत होता.

शुक्रवारी सकाळी देवळातून परतणारे आईबाप प्लास्टिकची फोल्डरं घेऊन त्यांच्याकडे यायचे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे प्रवेशाचे फॉर्म सबनीस भरून देत. याचं त्यांनी कोणाकडून कधी काही घेतलं नाही. फॉर्मवर लाकडी पट्टी आडवी ठेवायची, एक ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. ओळ संपल्याशिवाय पट्टी हलत नसे आणि पट्टी हलल्याशिवाय पालकांना बोलायची मुभा नसे.

आपल्या लोकांना सर्वांत अवघड जायचं ते तिथलं मार्कांचं तंत्र. आपल्याकडे आधी परीक्षा, मग मार्क, मग प्रवेश. तिकडे शाळा आधी मार्कांचा अंदाज कळवते, त्या अंदाजावर विद्यापीठ अटी घालून जागा देतं आणि ऑगस्टमध्ये निकाल लागला की अट पुरी झाली की नाही ते ठरतं. एका बँकेत काम करणारे पाठक एकदा फॉर्म घेऊन आले. शाळेने त्यांच्या मुलाला फिजिक्समध्ये 'बी' ग्रेडचा अंदाज दिला होता. पाठकांचं म्हणणं, मास्तर कोण ठरवणारे, परीक्षा अजून सहा महिने लांब आहे. त्यांनी हेडमास्तरांना वकिलाची नोटीस द्यायची तयारी केली होती.

सबनीसांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाठक, बँकेत लोन देताना तुम्ही माणसाचा पुढच्या वर्षीचा पगार बघता का?"

"नाही. पण एम्प्लॉयरचं लेटर बघतो."

"मग झालं. मास्तर म्हणजे एम्प्लॉयर. नोटीस दिली तर लेटर कसं येईल ते तुम्हीच सांगा."

त्याच फॉर्मवर मुलाने स्वतःबद्दल एक पान लिहायचं होतं. ते पाठक वहिनींनी लिहून आणलं होतं. त्यात मुलगा आज्ञाधारक आहे, शाकाहारी आहे आणि रोज संध्याकाळी दिवा लावतो, असं होतं. सबनीसांनी पट्टी खाली सरकवत ते पूर्ण वाचलं आणि मुलाला विचारलं, "तू स्वतः काय करतोस?" मुलगा म्हणाला, "आय रिपेअर रेडिओज, अंकल." सबनीसांनी वहिनींचं पान परत दिलं. "हे स्थळासाठी ठेवा. फॉर्मसाठी रेडिओ लिहू." मुलाला जागा मिळाली.

शेवटी फीचा हिशोब सांगायचे, तोही मोठ्याने. वर्षाला इतके पौंड, म्हणजे पन्नास हजार दिरहम, म्हणजे सहा लाख रुपये. रुपये ऐकले की कोणीतरी आकडा पुन्हा सांगायला लावायचं. हा बाहेरून येणाऱ्या मुलांचा दर होता. तिथल्या मुलांची फी तेव्हा तिथलं सरकारच भरायचं, वर राहण्याखाण्यासाठी कर्ज द्यायचं. सबनीस पालकांना हे सांगत आणि पुढे म्हणत, "ते आपल्यासाठी नाही. आपण पुढची ओळ बघू."

स्वतःच्या बाबतीत ते असं म्हणत नव्हते. १९८० मध्ये मुंबईच्या एका इंजिनीअरिंग कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी ड्राफ्ट्समन म्हणून बर्मिंगहॅमला पाठवलं होतं. फेब्रुवारी १९८१ मध्ये केतकी तिथे जन्मली. त्या वेळच्या कायद्याने तिथे जन्मलेलं मूल तिथलं नागरिक ठरायचं. त्यामुळे घरात दोन निळे पासपोर्ट होते आणि एक ब्रिटिश. दर जूनमध्ये सबनीस आपल्याच मुलीसाठी भारताचा व्हिसा काढायला वकिलातीच्या रांगेत उभे राहत. डोंबिवलीचा मामा तिला 'मॅडम' म्हणायचा.

त्या पासपोर्टावर सबनीसांनी सगळं आखलं होतं. केतकीला ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत घातलं होतं. त्या शाळेची फी त्यांच्या पगाराला झेपणारी नव्हती. घरात गाडी नव्हती, वहिनी मीना बझारमधल्या दुकानासाठी ब्लाउज शिवत, आणि शिल्लक जवळपास नव्हती. एकदा मी विचारलं की कॉलेजचं काय. "शाळा महाग, कॉलेज फुकट," ते म्हणाले. "इतर लोक उलट करतात. त्यांच्याकडे तो पासपोर्ट नाही." असं म्हणताना त्यांनी आवाज कमी केला होता. फुशारकी वाटू नये याची त्यांना काळजी असे.

१९९६ मध्ये आमच्या दैनिकाच्या शिक्षणाच्या पानावर ब्रिटनमधल्या प्रवेशांबद्दल एक लेख आला. शारजातल्या एका शाळेत करिअरचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटिश बाईंनी तो लिहिला होता. पान माझ्याकडे होतं. आयत्या वेळी घड्याळांच्या दुकानाची जाहिरात आली आणि लेख सात ओळींनी लांब झाला. मजकूर कापायचा तर खालून, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. महत्त्वाचं वर असतं. मी खालच्या सात ओळी कापल्या. त्या ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या, पण आखातात वाढलेल्या मुलांबद्दल होत्या. केतकीचा पासपोर्ट मला माहीत होता. कापताना तो आठवला नाही.

सबनीसांनी लेखाचं कात्रण काढलं, त्यावर शिक्का मारला आणि प्लास्टिकच्या पाउचमध्ये घातलं. शुक्रवारी पालकांना ते दाखवून म्हणायचे, "आमच्या पेपरवाल्यांच्या पानावरचं आहे. चेक केलेलं असतं." केतकी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

पुढे तिथे नियम बदलला आणि तिथल्या मुलांनाही वर्षाला हजार पौंडांपर्यंत फी लागू झाली. सबनीसांनी ती बातमी कात्रणामागे लावली. "सहा हजार दिरहम. सत्तर हजार रुपये. चालेल," ते म्हणाले. १९९८ च्या डिसेंबरात केतकीचा फॉर्म गेला. तिला केमिकल इंजिनीअरिंग करायचं होतं. मार्चमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने दोन ए आणि एक बी या अटीवर जागा देऊ केली. सोबत एक प्रश्नावली होती: मागची तीन वर्षं विद्यार्थी कुठे राहत होता, कशासाठी. सबनीसांनी पट्टी ठेवून ती भरली. दुबई, वडिलांच्या नोकरीसाठी. इतरांच्या फॉर्मवर असा प्रश्न आला की ते इतक्याच सहज उत्तर लिहीत, कारण त्या मुलांच्या बाबतीत उत्तराने काही बदलत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. केतकीला बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी लागेल आणि सरकारी कर्जही मिळणार नाही, असं त्यात होतं. नागरिकत्वाला आक्षेप नव्हता. तीन वर्षांच्या वास्तव्याची अट पुरी होत नव्हती. सबनीसांनी पत्रावर शिक्का मारला आणि मला वर बोलावलं. केतकी खोलीच्या दारात उभी होती. तिने ते वाचलं होतं.

"यू रीड एव्हरीबडीज फॉर्म, बाबा," ती म्हणाली. "यू नेव्हर रेड माइन."

ती आत गेली. वहिनींनी शिलाई मशीन बंद केलं. सबनीस म्हणाले, "खरं आहे तिचं. माझ्याकडे पासपोर्ट होता ना, म्हणून मी वाचलं नाही."

नियमाला एक अपवाद होता. आईवडील तात्पुरत्या नोकरीसाठी ब्रिटनबाहेर असतील तर बाहेरची वर्षं ब्रिटनमधलीच धरली जातात. सबनीसांनी तेवढं धरून अर्ज केला. इंग्रजी मी तपासलं. अर्जात लिहिलं होतं की १९८४ पासून आमचं कुटुंब अमिरातीत तात्पुरतं राहत आहे. पुराव्यादाखल पाचही व्हिसांच्या प्रती जोडल्या. त्यांना खोक्यांचा फोटोही जोडायचा होता. मी नको म्हणालो.

२६ मे रोजी उत्तर आलं. पत्र सभ्य होतं. कुटुंब तात्पुरतं बाहेर आहे हे मान्य केलं तरी ते ब्रिटनमधून बाहेर आहे असं दिसत नाही. १९८२ मध्ये ते भारतात परतलं, आणि नोकरी संपल्यावर भारतातच जाईल असं अर्जदारानेच लिहिलं आहे.

"ह्याला आता काय कळवू?" सबनीस म्हणाले. "इथले सांगतात तुम्ही इथले नाही. तिथले सांगतात तुम्ही तिथलेही नाही."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. माझ्या घरी ते सहसा येत नसत. पाउचमधलं कात्रण त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. पट्टीही आणली होती. ती लेखाच्या शेवटच्या ओळीखाली ठेवून त्यांनी विचारलं, "पेपरवाले, ह्याच्या खाली आणखी काही होतं का? छापायचं राहिलेलं?"

मला त्या सात ओळी शब्दशः आठवत होत्या. एप्रिलच्या पत्रापासून रोज आठवत होत्या.

"लक्षात नाही," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली."

मग त्यांनी पट्टी उचलली. "बरोबर आहे. तीन वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवणार, साहेब."

त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणू लागले. मला ते दुःखाने आलेलं परकेपण वाटलं.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. दोन ए, एक बी, मागितलं होतं नेमकं तेवढं. पहिल्या वर्षाचे पैसे भरायला महिनाही नव्हता. आखातातल्या नोकरदाराची एकच मोठी रक्कम असते, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, आणि ती नोकरी सोडल्याशिवाय मिळत नाही. सबनीसांनी नोकरी सोडली. मॅनेजर लेबनीज होता. दहा वर्षं तो सबनीसांच्या शिक्क्याची थट्टा करत आला होता. दुसरीकडे नोकरी धरायला लागणारी परवानगी त्याने त्याच दिवशी लिहून दिली आणि म्हणाला, हबीबी, निदान महिनाभर विचार कर. पुण्यात हप्त्यांवर बुक केलेला फ्लॅट ताबा घेण्याआधी विकला. दुबईबाहेर, रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात स्टोअरची नोकरी मिळाली, पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश. त्या पगारात कुटुंबाचा व्हिसा बसत नव्हता. वहिनी डोंबिवलीला भावाकडे गेल्या, केतकी इंग्लंडला, आणि सबनीस कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. तिथे दोन मल्याळी सुपरवायझरांबरोबर एक खोली होती.

खोके त्या सप्टेंबरात खाली काढले. टीव्ही खोक्यात बसला, थर्मोकोलही नीट बसलं. वहिनी पट्ट्या चिकटवत होत्या. "पंधरा वर्षं जपले," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं तिघं मिळून भरू."

रास अल खैमाला मी दोनदा गेलो. शेअर टॅक्सीने दीड तास लागायचा. दुसऱ्या वेळी, २००१ मध्ये, मी सांगायचं ठरवून गेलो होतो. शुक्रवार होता. सबनीसांच्या खाटेवर कारखान्यातला एक फोरमन मुलीचा फॉर्म घेऊन बसला होता. सबनीसांनी पट्टी ठेवली आणि नाव विचारायच्या आधी हिंदीत विचारलं, "बच्ची तीन साल से कहाँ रहती है?" फोरमन हसून म्हणाला, कहाँ रहेगी, यहीं. "हँसो मत," सबनीस म्हणाले. "पहले यही लिखते हैं।" मग उत्तर पूर्ण लिहिलं, पत्त्यासकट.

फोरमन गेल्यावर त्यांनी चहा केला. केतकीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. ती महिन्यातून एकदा फोन करायची, कारखान्याच्या गेटवरच्या नंबरावर. मी विचारलं, काय बोलते. "हवा सांगते," ते म्हणाले. "मीही हवा सांगतो. इथली रोज सारखीच असते, म्हणून लवकर संपतं." माझा चहा संपला. जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं नाही. टॅक्सीपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "इतक्या लांब आलात, साहेब. काही काम होतं का?" मी नाही म्हणालो.

२००३ च्या जानेवारीत कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते बावन्न वर्षांचे होते. केतकी तोवर इंग्लंडमध्ये नोकरीला लागली होती. ती तिसऱ्या दिवशी आली. दुबईच्या विमानतळावर ब्रिटिश पासपोर्ट बघून तिला जागच्या जागी शिक्का मारून दिला, दोन मिनिटांत. वहिनींना भारतीय पासपोर्टावर व्हिजिट व्हिसा हवा होता. त्यासाठी इथला हमी घेणारा स्पॉन्सर लागतो. तो मिळेपर्यंत मृतदेहच मुंबईला रवाना झाला.

मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द करणं, विमानाची कागदपत्रं यांसाठी मी केतकीबरोबर फिरत होतो. प्रत्येक खिडकीवर कागद लागला आणि प्रत्येक कागद सबनीसांच्या पेटीत क्रमाने सापडला. शेवटच्या दिवशी ती खोली रिकामी करत होती. एक फाइल काढून तिने मला दिली.

"अंकल, ह्याच्यात तुमच्या पेपरचं काहीतरी आहे."

सर्वांत वर कात्रण होतं, १९९६ च्या शिक्क्याचं. त्यामागे टाइप केलेल्या पानांची एक झेरॉक्स होती. त्या लेखाचाच पूर्ण मजकूर. एप्रिलचं पत्र आल्यावर सबनीसांनी थेट लेखिकेला पत्र लिहिलं होतं आणि बाईंनी मूळ प्रत पाठवली होती. शेवटच्या सात ओळींखाली पट्टीने पेन्सिलीच्या रेघा मारल्या होत्या. उजव्या कोपऱ्यात शिक्का होता: रिसीव्हड, १२ मे १९९९. त्यामागे अर्ज नाकारल्याचं पत्र, रिसीव्हड, २६ मे. कात्रण घेऊन ते माझ्याकडे आले तो दिवस २७ मे होता.

केतकीने विचारलं, "इज इट इम्पॉर्टंट? ठेवू की टाकू?"

मी म्हणालो, माझ्याकडे राहू दे. तिने कशाबद्दल आहे ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

वर्तमानपत्रात चूक छापली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. गाळलेल्या मजकुराची दुरुस्ती छापायची पद्धत नाही. त्या सात ओळी मराठीत अशा होतात:

'ज्यांच्या मुलांकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे पण ती आखातात वाढली आहेत, अशा पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फी पासपोर्टावर ठरत नाही. अभ्यासक्रम सुरू होण्याआधीची तीन वर्षे मूल कुठे राहत होते, यावर ठरते. हे पालकांना बहुधा जागा मिळाल्यानंतर कळते आणि तेव्हा करण्यासारखे काही उरत नाही. आपले मूल आज चौदा-पंधरा वर्षांचे असेल, तर अजून वेळ आहे.'